दहातला एक राखीव कोड

१

मेघा ढोकेनं स्कॉटलंडमधल्या विद्यापीठातली आपली जागा सोडून दिली होती. ईमेल तिच्या खात्यावरून गेला होता, पासवर्ड तिचा होता, खाली नावही तिचंच होतं. तिला मात्र ही गोष्ट दोन दिवसांनी, गुरुवारी सकाळी विद्यापीठाचं उत्तर वाचून कळली.

साडेदहाला ती माझ्या दारात होती. वाडीहून स्कूटीवर आली होती आणि तोंडाला बांधलेली ओढणी सोडायचंही भान तिला राहिलं नव्हतं.

"मावशी, मी काहीच नाही केलं वं," ती म्हणाली. "कोनं केलं ते सांगा फक्त."

मी भावना रामटेके. सव्वीस वर्षं पोलिसात काढली, त्यातली शेवटची नऊ सायबर ठाण्यात. आता नागपूरच्या मिहान उद्योगनगरीतल्या कंपन्यांमध्ये जाऊन पासवर्ड कसा ठेवावा यावर व्याख्यानं देते. पोरं माझ्यासमोर माना डोलावतात आणि जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना पासवर्ड ओरडून सांगतात. माणसांवरचा माझा विश्वास फार पूर्वी उडाला, पण चूल त्यावरच पेटते, म्हणून तक्रार करत नाही.

मेघाला मी लहानपणापासून विहारात पाहत आले आहे. सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर जागा आणि सरकारी शिष्यवृत्ती तिनं एका वर्षात मिळवली, तेव्हा एप्रिलमध्ये मी स्वतः बसून तिचं खातं नीट करून दिलं होतं. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या चार शब्दांचा लांब पासवर्ड. त्यावर मोबाइलवर येणारा ओटीपी. मोबाइल हरवला तर अडू नये म्हणून खात्याकडून मिळणारे दहा राखीव कोड, प्रत्येक एकदाच चालणारा. हे सगळं फोनमध्ये किंवा फॉर्म भरायच्या दुकानात नको, एका कागदावर लिही आणि घरात जिवापाड जपता त्या वस्तूंसोबत ठेव, असं मीच सांगितलं होतं.

विद्यापीठाला तिनं सकाळीच फोन केला होता. तिथल्या बाईंनी सौजन्यानं सांगितलं की अर्ज योग्य पासवर्डनं आला आहे, त्यामुळे 'कोणीतरी बाहेरच्यानं केलं' एवढं पुरणार नाही. ज्यानं केलं त्याचा लेखी कबुलीजबाब किंवा त्याच्या नावानं पोलिसांत दिलेली तक्रार शुक्रवार संध्याकाळपर्यंत द्या. नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलीला जाईल, आणि जागेबरोबर शिष्यवृत्तीही संपेल.

मी तिच्या खात्याचं सुरक्षेचं पान उघडलं. मंगळवार, १७ जून, दुपारी एक वाजून सहा मिनिटं. नागपूरमधला एक कॉम्प्युटर. पासवर्ड पहिल्याच खेपेला बरोबर. त्या वेळी मेघा पारशिवनीकडे एका गावात सर्वेक्षणाला गेली होती, मोबाइल तिच्यासोबत होता, तरी ओटीपी मागितलाच गेला नव्हता. त्याऐवजी दहापैकी एक राखीव कोड वापरला होता.

"तो कागद कुठं आहे?"

"घरी. सगळ्या कागदांच्या फाइलीत."

"फाइल घराबाहेर गेली होती का?"

"शनिवारी नूपुरकडे नेली होती, व्हिसाचे कागद लावाले. सोमवारी रजतच्या केंद्रात, स्कॅन कराले. दोन्हीकडं मी फाइल ठेवून इकडंतिकडं गेली होती."

"घरी जा. फाइलीला हात लावू नको आणि कोणाला काही बोलू नको. मी संध्याकाळी येते."

जाता जाता ती म्हणाली, "मावशी, वेटिंग लिस्टमधली पहिली पोट्टी नूपुरच आहे."

२

मेघाची मैत्रीण नूपुर बजाजनगरात राहते. आजोबांपासून घरात सरकारी नोकऱ्या, दारात तुळस, आत कूलरची घरघर. टेबलावर पेढ्यांचा उघडा पुडा होता आणि तो तिच्या आईनं माझ्यापुढे सरकवला.

"काल रात्री मेल आला, जागा रिकामी होतेय म्हणून," नूपुर म्हणाली. "कुणाची ते लिहिलं नव्हतं. मेघाला सांगायला सकाळपासून फोन करतेय, उचलत नाहीये."

मी तिला कुणाची जागा ते सांगितलं. तिचा चेहरा उतरला. पोलिसात असताना असे उतरलेले चेहरे मी खूप पाहिलेत, त्यातले निम्मे नाटकी होते, म्हणून मी काहीच गृहीत धरलं नाही.

"शनिवारी फाइल इथं होती. तू तो कोडचा कागद पाहिलास?"

"पाहिला. वर मोठ्या अक्षरात पासवर्ड लिहिला होता. मी तिला ओरडले पण, हे काय घेऊन फिरतेस म्हणून." मग तिचा आवाज चढला. "मला हे करायचं असतं तर कोड कशाला लागला असता? तिचा लॅपटॉप इथं दोन तास उघडा होता, ती आईसोबत स्वयंपाकघरात होती. तेव्हाच नसतं का केलं?"

मुद्दा बिनतोड होता. उघडं खातं हाताशी असताना तीन दिवस थांबून, कोड चोरून, माग ठेवत कोण जाईल?

"मेघानं तुम्हाला पाठवलं ना?" तिनं दारात विचारलं. "स्वतः आली असती तर बरं वाटलं असतं."

तिच्या आईनं पुड्याचं झाकण लावलं.

३

रजतचं 'ऑनलाइन सेवा केंद्र' वाडीत, अमरावती रोडला लागून आहे. बाहेर ट्रकांची रांग, आत फॉर्म भरणाऱ्यांची. दाखले, परीक्षा, शिष्यवृत्ती, सगळं इथून जातं. रजतनं मेघाला दोन वर्षांपूर्वी लग्नाचं विचारलं होतं आणि तिनं नाही म्हटलं होतं, हे अख्ख्या वस्तीला माहीत आहे.

टेबलावर एक जाड रजिस्टर होतं. मी ते माझ्याकडे ओढलं. गिऱ्हाइकाचं नाव, मोबाइल नंबर आणि पुढे पासवर्ड, स्वच्छ अक्षरात, पानामागून पान.

"काय करता मॅडम, लोकं विसरून जाते," रजत म्हणाला. "मंग मलेच येऊन विचारते."

एका पानावर चाळीस नावं होती. त्यातल्या एकतीस पासवर्डमध्ये १४१०१९५६ होतं. दीक्षेचा दिवस. आमच्या लोकांना जगातली कुठलीही तारीख विसरता येईल, ही नाही, म्हणून सगळ्यांनी कुलूपही तिचंच केलं. आमच्या वस्तीतल्या चोराला कुलूप फोडायची गरज नाही, दीक्षाभूमीवर एकदा जाऊन आला की झालं. हसू नका. माझं स्वतःचं एटीएम अकरा वर्षं १९५६वर उघडत होतं.

मेघाचंही नाव होतं. पुढे तोच दिवस, पण हा तिचा जुना पासवर्ड. नवा रजिस्टरात नव्हता.

"मंगळवारी दुपारी एक वाजता कुठं होतास?"

"इथंच. दहावीवाल्यांची गर्दी होती, पाणी प्याले उठलो नाही." त्यानं कॅमेऱ्याचं चित्रण स्वतःच लावून दाखवलं. एक ते दोन, तो खुर्चीतून हललेला नव्हता. समोरच्या कॉम्प्युटरवर गावोगावचे फॉर्म.

"तिनं मले नाही म्हटलं, ते तिचं बरोबर होतं," तो खाली बघत म्हणाला. "पण तिची सीट मी काहून घालवू?"

ते रजिस्टर जाळून टाक, असं मी त्याला सांगितलं. तो हो म्हणाला. जाळणार नाही हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

तो कागद घरच्यांच्याही हाताशी होता, म्हणून मी पुढे निघाले. तिथून चार गाळ्यांवर मालवाहतुकीचं ते गोदाम आहे, जिथं मेघाचा धाकटा भाऊ प्रीतम बुकिंगला बसतो. वडील देवराव चाळीस वर्षं तिथंच बुकिंग क्लार्क होते. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत मुलगा आला. प्रीतमच्या पायाशी डब्याची पिशवी होती.

"तुमचं काम आता कसं चालते गा?" मी विचारलं. "मालाची बिल्टी कशी बंद करतोस?"

त्यानं हातातलं यंत्र एका खोक्यावरच्या चिठ्ठीवर धरलं. बीप वाजलं. "झाली बंद. पेन तं मी महिनोन्महिने धरत नाही, मावशी."

मी त्याचा कॉम्प्युटर पाहू का म्हटलं. तो लगेच उठला. ब्राउझरमध्ये सोमवारचं सगळं होतं, बुधवारचंही होतं. मंगळवारी दुपारी सव्वाबारापासून सव्वापर्यंतचा एक तास मात्र कोरा होता, कोणीतरी नेमका तेवढाच पुसला होता.

चोरी याच खुर्चीतून झाली होती.

"जेवाच्या सुट्टीत मी मागं ट्रकवाल्यांसंग बसतो," प्रीतम म्हणाला. "पाऊणला बाबा डबा देऊन जाते, मंग मी उठतो. कॉम्प्युटर उघडाच रायते. कोणी बी बसू शकते."

"मेघा गेली असती तर तुला काय झालं असतं?"

"माह्यावर सगळं आलं असतं," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

४

ढोक्यांच्या दोन भाड्याच्या खोल्या गोदामाच्या मागच्या गल्लीत आहेत. मी सहा वाजता पोचले. मेघा दारातच होती, प्रीतम माझ्या मागून आला. देवराव खाटेवर बसून वर्तमानपत्र वाचत होते, मला पाहून उठले. गेल्या महिन्यात विहारात मुलगी परदेशी जाणार म्हणून त्यांना शाल दिली होती, ती दोरीवर घडी घालून टाकलेली होती.

मेघाची आई प्रेमिलाबाई आतल्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती. वर्षभरापासून तिचं डायलिसिस सुरू आहे, दर बुधवारी आणि शनिवारी. मेघाच तिला नेते. दाराला शर्टाच्या खोक्याचा एक पुठ्ठा टांगला होता, त्यावर एकापासून शंभरपर्यंत आकडे मांडले होते. झालेल्या पाळ्यांचे आकडे तिरप्या रेघेनं काटलेले, प्रत्येकापुढे बारीक तारीख. सत्याण्णव काटला होता, पुढे १८/६.

"फाइल आण," मी मेघाला म्हटलं.

लोखंडी पेटीतून तिनं फाइल काढली. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका. हे कागद हरवले की आमच्या घरातली पिढी हरवते, म्हणून यांना कोणी घरचाही सहज हात लावत नाही. सगळ्यात मागे तो कागद होता. वर चार शब्द, खाली दोन ओळींत दहा कोड.

तिसरा कोड निळ्या शाईच्या तिरप्या रेघेनं काटला होता. पुढे बारीक अक्षरात १७/६.

"हे मी नाही लिवलं," मेघा कुजबुजली.

मी कागद खाली ठेवला. नूपुर आणि रजत दोघंही त्या क्षणी सुटले. शनिवारी-सोमवारी कोणी कोड उतरवून घेतले असते, तर मंगळवारची रेघ या कागदावर कशी आली असती? कागद मंगळवारी घरात होता. ज्यानं कोड वापरला त्यानं मूळ कागद हातात धरला होता, आणि काम झाल्यावर वापरलेला कोड तारखेसह काटला होता. चोर असं करत नाही. ज्याचा हात आयुष्यभर झालेलं काम काटत आला आहे, तोच करतो, आणि त्याला कळतही नाही.

मी पुठ्ठ्याकडे बोट केलं. "प्रेमिलाबाई, हे कोण लिहितं?"

"हे? यायचे बाबा," ती कौतुकानं म्हणाली. "बिल्टी काटाची सवय. दवाखान्यात पाय ठेवत नाही, पण मी घरी आली का पहिले पुठ्ठा काटते."

देवरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली, मग पुन्हा घातली.

५

"डबा द्यायला गेलात तेव्हा कागद खिशात होता," मी म्हटलं. "प्रीतम उठला, तुम्ही बसलात. मेल पाठवला, पाठवलेल्यांतून काढून टाकला, तास पुसला, कागद परत पेटीत. एवढं कुठं शिकलात, देवरावभाऊ?"

"हिनंच शिकवलं," ते मेघाकडे न बघता म्हणाले. "लॉकडाऊनमध्ये. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसलं का उठताना सगळं पुसून येजा, बाबा, म्हणे."

मी तिला शिकवलं, तिनं बापाला शिकवलं. आयुष्यात ज्या एका माणसानं माझी प्रत्येक सूचना तंतोतंत पाळली, तो हा होता. बाहेरच्या चोरासाठी मी सगळी दारं लावून दिली होती आणि किल्ली आतल्या माणसाच्या उशाशी ठेवायला लावली होती. मला स्वतःचीच चीड आली.

"काहून, बाबा?" मेघानं विचारलं. तिच्या आवाजात रडू नव्हतं.

"हप्त्यातून दोनदा, मेघा. आटोत बसवा, सुई लावतानी हिचा हात धरा, चार घंटे बसा, येतानी उलट्या. मले रक्त पाहवत नाही. प्रीतमची ड्युटी. तू गेली तं हिचं कोन करन?"

"मंग मले म्हणाचं होतं. मी थांबली असती."

"तेच तं," देवराव म्हणाले, आणि आता त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "म्हटलं असतं तं तू थांबली असती. मंग जन्मभर तुले थांबवणारा मीच झालो असतो. चोरानं केलं असतं तं कोणाचंच नाव नसतं लागलं."

पोलिसात मी खुनी पाहिले, पैसे लुबाडणारे पाहिले. इतका हिशेबी भेकडपणा क्वचितच पाहिला. मला त्या माणसाची दयाही आली, आणि दया आली याचाच जास्त राग आला.

प्रेमिलाबाईनं हातावरची सुईची फुगलेली जागा पदरानं झाकली. "मले विचारलं होतं का तुम्ही?" एवढंच ती म्हणाली.

मी पिशवीतून कोरा कागद काढून देवरावांसमोर ठेवला. "चार ओळी लिहा आणि सही करा. मेघा कागद स्कॅन करून पाठवेल. विषय घरातच राहील."

त्यांनी पेन उचललं. निळं, टोपण चावलेलं. मग त्यांची नजर दोरीवरच्या शालीकडे गेली.

"लिहून कसं देऊ, ताई? उद्या वस्तीत कळलं तं? विहारात कोन्या तोंडानं जाऊ?"

"बाबा, लिवा," प्रीतम म्हणाला.

"मी लिवत नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं.

मला वाटलं ती आता रडेल, मग मान खाली घालेल, आणि या देशातल्या कितीतरी पोरींसारखी शनिवारी आईला आटोत बसवेल. तिनं कागद फाइलीत घातला आणि फाइल पिशवीत.

"मावशी, ठाणं किती वाजेपर्यंत उघडं रायते?"

"चोवीस तास."

"मंग चला. तक्रार देतो." तिनं चपला घातल्या. "नाव देवराव ढोके. नातं लिवावं लागते का?"

"लागतं," मी म्हटलं.

६

तक्रारीची पोच शुक्रवारी दुपारी विद्यापीठाला गेली. पुढच्या मंगळवारी मेघाची जागा परत आली. नूपुरला दुसरा मेल गेला, चार ओळींचा, दिलगिरीचा. मेघा तिच्या घरी माफी मागायला गेली तेव्हा तिच्या आईनं नूपुर झोपली आहे असं सांगितलं. त्या दोघी अजून बोलत नाहीत.

देवरावांना ठाण्यात दोनदा बोलावलं, समज दिली, प्रकरण मिटलं. वस्तीत मिटलं नाही. मेघा सप्टेंबरात गेली. विमानतळावर प्रीतम होता, मी होते, व्हीलचेअरवर प्रेमिलाबाई होती.

नोव्हेंबरात मी रक्तदाब दाखवायला दवाखान्यात गेले होते. डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर देवराव बसले होते. मांडीवर फाइल, पायाशी पाण्याची बाटली, डबा, जुना टॉवेल. नर्स बाहेर येऊन त्यांना नावानं हाक मारून गेली.

"जमतं का?" मी विचारलं.

"जमते. पंधरा दिवसात जमलं," ते म्हणाले. "सुई लावतानी मीच हात धरतो आता."

पंधरा दिवस. एवढ्यासाठी त्यांनी काय घालवलं ते मी सांगायची गरज नव्हती, त्यांना माझ्याआधीच कळलं होतं.

"मेघा दर रविवारी हिले फोन करते," ते म्हणाले. "मी खोलीत आलो का फोन कटते. माहा नंबर तिनं ब्लॉक केला आहे. मी नवीन सिम घेतलं, तिनं एकदा उचलला, आवाज आयकला आणि तोही ब्लॉक केला. ताई, तुम्ही तं यातल्या जाणत्या. काही तरी रस्ता असन ना?"

"नाही, देवरावभाऊ. ते ज्यानं लावलं त्यालाच काढता येतं."

त्यांनी मान हलवली. आतून यंत्राचा बारीक आवाज येत होता.

"तिनं तिकडचा नंबर घेतला म्हणते," ते खालच्या आवाजात म्हणाले. "माह्यापाशी नाही, हिच्या फोनात बी नाही. तुमच्यापाशी आहे का?"

माझ्यापाशी होता. आदल्याच दिवशी तिनं मला मेसेज केला होता.

"नाही," मी म्हटलं.